गोळी आणि टेकडी

पुण्यात एखाद्याला मधुमेह निघाला की आठवड्याभरात त्याच्याभोवती दोन पक्ष उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, गोळी एकदा सुरू झाली की जन्माची. त्यापेक्षा रोज पहाटे वेताळ टेकडी चढ, तळजाईला फेऱ्या मार, साखर आपोआप खाली येईल. दुसरा म्हणतो, फिरणेबिरणे ठीक आहे, पण डॉक्टरांनी लिहून दिले ते वेळेवर घे आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी सातच्या आत ठेव. दोन्हीकडे जिवाभावाची माणसे असतात आणि दोघांच्याही म्हणण्यात पुष्कळ तथ्य असते. तरीही रुग्णाने या दोहोंतून एक निवडावे ही अपेक्षाच चुकीची आहे, असे माझे ठाम मत आहे. हे पुस्तक त्या मतावर उभे आहे. गोळी काही कामे करते, व्यायाम काही वेगळी करतो, काही दोघे मिळून करतात. आणि कधी कधी एक दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करतो. या शेवटच्या गोष्टीबद्दल दवाखान्यात बोलायला वेळ नसतो आणि टेकडीवर बोलायला माहिती नसते. पुढच्या प्रकरणांचा बराचसा भाग म्हणूनच तिच्यावर खर्च केला आहे.

विषय साखरेचा नाही, साखरेने मागाहून जे होते त्याचा आहे. मधुमेह दुखत नाही, ही त्याची सर्वांत घातक बाजू. डोळ्याच्या पडद्यावरच्या, मूत्रपिंडातल्या गाळण्यांच्या आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या वर्षानुवर्षे बिघडत राहतात आणि माणसाला पत्ता नसतो. पुढे तळपायांना मुंग्या येतात, रात्री पाय भाजतात, लघवीत प्रथिने जाऊ लागतात, चष्म्याचा नंबर बदलूनही नीट दिसत नाही. मोठ्या वाहिन्यांचा बिघाड हृदयविकार आणि पक्षाघाताच्या रूपाने येतो. 2023 साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने भारतात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्यांतल्या प्रत्येकासाठी खरा प्रश्न आजची साखर किती हा नसून पंधरा वर्षांनी डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पाय कोणत्या अवस्थेत असतील हा आहे.

पुण्यापासून सुरुवात करण्याचे कारण केवळ आपले गाव म्हणून नाही. भारतीय शरीराला मधुमेह वेगळ्या वाटेने गाठतो, हे ज्या कामातून जगाला कळले त्यातला मोठा वाटा रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचा आणि डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन यूडकिन यांनी एक अगदी छोटा लेख छापला. दोघांचे छायाचित्र, दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. तपासणीत मात्र यूडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे आणि आतून दोन निराळी माणसे. कारणे देताना त्यांनी व्यायामाचाही उल्लेख केला: यूडकिन मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी पोहोचण्याची धावपळ. पण दुसरे कारण जास्त खोल होते आणि ते आईच्या पोटातले होते.

त्याचा पुरावा पुण्याजवळच्या सहा गावांतून आला. 1993 साली तिथे ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. गर्भवती स्त्रियांचा आहार, त्यांचे कष्ट, त्यांच्या रक्तातील जीवनसत्त्वे आणि मग जन्मलेल्या बाळांची मापे अशी नोंद झाली. ही मुले पुढे मोठी होईपर्यंत संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा केला. या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. पण कमी वजन सगळीकडे सारखे कमी नव्हते. स्नायू खूप कमी, पोटातील अवयव लहान, त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. हाडकुळे दिसणारे हे मूल आतून चरबीचे होते. मला हे काम पुण्यातून झालेल्या सगळ्या वैद्यकीय संशोधनात अत्यंत मोलाचे वाटते, कारण त्याने दोष आळशीपणावरून आणि जिभेवरून उचलून पिढ्यांच्या पोषणापर्यंत नेला. आणि आपल्या विषयापुरते त्याने एक नेमके सांगितले: आपल्याकडे तुटवडा स्नायूंचा आहे. जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्याचे सर्वांत मोठे काम स्नायू करतात. ते जन्मापासूनच कमी असतील, तर व्यायामाचा अर्थ केवळ वजन उतरवणे इतका राहत नाही.

इथे व्यायाम नेमके काय करतो ते समजून घेणे आवश्यक आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा साखर आत घेणारे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या स्नायूतही हे दार उघडते. त्यानंतर दीड-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. आठवड्यात किमान 150 मिनिटे आणि सलग दोन दिवसांहून अधिक खाडा नको, हा सल्ला याच हिशेबातून आला आहे. रविवारी सिंहगड आणि सोमवार ते शनिवार खुर्ची, ही पुण्यातली लोकप्रिय पद्धत म्हणूनच फारशी कामाची नाही.

आता पुढचा प्रश्न. व्यायामाने साखर उतरते हे ठीक. पण डोळे, मूत्रपिंडे, हृदय वाचतात का? सर्वांत दीर्घ उत्तर चीनच्या दाछिंग शहरातून आले. 1986 मध्ये, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 577 जणांना दवाखान्यांनुसार गटांत विभागून काहींना आहाराचे, काहींना व्यायामाचे, काहींना दोन्हींचे मार्गदर्शन सहा वर्षे दिले. नंतर कार्यक्रम थांबला, पण पाठपुरावा थांबला नाही. 30 वर्षांनी पाहिले तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना 26 टक्क्यांनी आणि सूक्ष्म वाहिन्यांची गुंतागुंत 35 टक्क्यांनी कमी होती, मृत्यूही कमी होते. सहा वर्षांच्या मेहनतीचा परिणाम तीन दशकांनी मोजता यावा, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. अर्थात ही माणसे त्या वेळी अजून मधुमेही झालेली नव्हती.

मधुमेह झालेल्यांवरचा मोठा प्रयोग अमेरिकेतला, ‘लुक अहेड’. 5,145 जण, सगळे वजन जास्त असलेले. निम्म्यांना आठवड्याला 175 मिनिटे व्यायाम, कमी उष्मांकाचा आहार, सततचे समुपदेशन. 2012 मध्ये साधारण साडेनऊ वर्षांनी तो थांबवला, कारण हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयाच्या मृत्यूंत दोन गटांत ठळक फरक दिसेना. ही बातमी तेव्हा ‘व्यायामाचा उपयोग नाही’ अशी पसरली आणि अजूनही तशीच सांगितली जाते. बारकाईने पाहिले तर चित्र वेगळे आहे. व्यायामाच्या गटात मूत्रपिंडाच्या गंभीर आजाराचा धोका 31 टक्क्यांनी कमी होता, चालण्या-फिरण्याची क्षमता जास्त टिकली, नैराश्य कमी होते. आणि दुसऱ्या गटातल्या लोकांनी रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आणि इन्सुलिन अधिक घेतले होते. म्हणजे एका बाजूला मेहनत आणि दुसऱ्या बाजूला जास्त औषधे अशी तुलना झाली, आणि हृदयापुरती दोघांची बरोबरी झाली. माझ्या वाचनातून निघणारा निष्कर्ष असा की व्यायाम हृदयासाठी निरुपयोगी ठरला नाही. चांगली औषधे हाताशी असताना त्याचे वेगळेपण हृदयापेक्षा मूत्रपिंडांत आणि हिंडण्या-फिरण्यात जास्त दिसले.

औषधांची गोष्टही तितकीच सरळ नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या प्रयोगाने 1998 मध्ये दाखवले की साखर अधिक कडकपणे नियंत्रित केली तर सूक्ष्म वाहिन्यांची गुंतागुंत 25 टक्क्यांनी घटते. त्याच प्रयोगात रक्तदाबाचे कडक नियंत्रण 37 टक्क्यांनी ती घटवताना दिसले. साखरेपायी रक्तदाब विसरणाऱ्या घरांनी हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवावा. वजन जास्त असलेल्यांत मेटफॉर्मिनने हृदयविकाराचे झटकेही कमी केले. आणि दहा वर्षांनी, दोन्ही गटांची साखर सारखी झाल्यावरही, सुरुवातीच्या काळजीचा लाभ टिकून होता. मग 2008 मध्ये अमेरिकेतल्या ‘अकॉर्ड’ने उलटा धक्का दिला: जुन्या, धोक्याच्या रुग्णांत साखर फार खाली दाबण्याच्या प्रयत्नात मृत्यू वाढले. त्यानंतर औषधांचा विचारच बदलला. 2015 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकार असलेल्या मधुमेहींत हृदयामुळे होणारे मृत्यू 38 टक्क्यांनी घटवले, तेही साखर फारशी न उतरवता. 2019 मध्ये त्याच कुळातल्या कॅनाग्लिफ्लोझिनने मूत्रपिंडे राखून दाखवली. ही औषधे लघवीवाटे साखर आणि मीठ बाहेर टाकतात आणि मूत्रपिंडाच्या गाळण्यांवरचा दाब हलका करतात. ते काम टेकडी करू शकत नाही. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट 2020 मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे 2025 मध्ये संपले, किमती उतरल्या, आणि ही औषधे मध्यमवर्गीय पुणेकराच्या आवाक्यात आली. ‘गोळ्या फक्त साखर दाबतात’ हे आता कोणी म्हणत असेल, तर त्याची माहिती जुनी आहे.

आता ढवळाढवळीकडे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी 2006 मध्ये भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांत जीवनशैली बदलल्याने धोका 28.5 टक्क्यांनी, मेटफॉर्मिनने 26.4 टक्क्यांनी आणि दोन्ही एकत्र दिल्यावर 28.2 टक्क्यांनी घटला. दोन चांगल्या गोष्टींची बेरीज झालीच नाही. पुढे अमेरिकेतल्या प्रयोगांत 65 वर्षांवरच्या, मधुमेह नसलेल्या माणसांनी वजने उचलण्याचा व्यायाम केला, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. याचा अर्थ कोणीही मेटफॉर्मिन बंद करावे असा मुळीच नाही. अर्थ इतकाच की शरीर दोन्ही इलाजांना ऊर्जा-नियंत्रणाच्या सारख्याच कळांवरून ओळखत असावे, आणि आज 1, उद्या 2 असे मिळवून 3 मिळतातच असे नाही.

पुण्यासाठी मेटफॉर्मिनची आणखी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दीर्घकाळ घेतल्यास ते ब12 जीवनसत्त्वाचे शोषण कमी करते. पुण्यात ब12 आधीच कमी आहे. केईएमच्याच पाहणीत शहरी-ग्रामीण पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत ते कमी आढळले, आणि शाकाहार हे त्याचे मोठे कारण. ब12 च्या अभावाने नसा बिघडतात, पायांना मुंग्या येतात, तोल जातो. मधुमेहाच्या नसांच्या बिघाडाचीही लक्षणे हीच. त्यामुळे सदाशिव पेठेतल्या शाकाहारी घरातला, दहा वर्षे मेटफॉर्मिन घेणारा माणूस पाय बधिर झाल्याचे सांगतो तेव्हा सगळे खापर साखरेवर फोडू नये. रक्तातले ब12 तपासावे. दूध-दह्याने थोडी भर पडते, आणि तुटवडा जास्त असेल तर गोळी किंवा इंजेक्शन असते. इतक्या स्वस्त तपासणीने जो बिघाड थांबवता येतो तो वर्षानुवर्षे चालू राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

औषध आणि व्यायाम यांच्या इतर जोड्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे, इथे फक्त धावता उल्लेख. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी लांब चालल्यास घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. खिशात साखर हवी. एम्पाग्लिफ्लोझिनच्या कुळातली गोळी घेऊन निर्जळी एकादशी करणे आणि त्यात दिवसभर चालणे धोक्याचे, कारण पाणी कमी पडते आणि साखर फार न वाढताही रक्त आम्लयुक्त होऊ शकते. डोळ्याच्या पडद्यावर नव्या नाजूक वाहिन्या फुटल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलणे आणि शीर्षासन टाळावे, बी. के. एस. अय्यंगारांच्या शहरात हे स्पष्ट सांगायला हवे.

पायांसाठी मात्र थोडे थांबतो. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या चिकित्सेत निर्धन माणसाला पादत्राणे आणि छत्री न घेता शंभर योजने चालायला, विहिरी खणायला सांगितले आहे. कष्टाने हा आजार हटतो ही जाण इतकी जुनी आहे, याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. त्यातला अनवाणी चालण्याचा भाग आजच्या रुग्णाने सोडून द्यावा. संवेदना गेलेल्या पायाला खडा टोचतो ते कळत नाही, डांबर तापलेले कळत नाही, आणि फोडाची जखम चिघळून पाय कापण्यापर्यंत गोष्ट जाते. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायासाठी हयातभर जे काम केले, त्यामागे ही आपली अनवाणी संस्कृतीही होती: देवळातल्या प्रदक्षिणा, पर्वतीच्या उन्हात तापलेल्या पायऱ्या, वारी. वारीला जाऊ नका असे मी म्हणणार नाही. जाणाऱ्याने आधी पायांची संवेदना तपासून घ्यावी, बूट-मोजे घालावेत, रोज संध्याकाळी तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत. चांगली बातमी अशी की संवेदना कमी झाली म्हणून चालणेच बंद करायला नको. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फीट फर्स्ट’ या छोट्या अमेरिकी प्रयोगात देखरेखीखाली, योग्य बूट घालून चालणाऱ्या अशा रुग्णांत जखमांचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही.

चालणे या शहराने स्वीकारले आहे. ताकद विसरली आहे. ज्या गावात पेठापेठांत तालमी होत्या, ज्या गावात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी 1924 मध्ये महाराष्ट्रीय मंडळ काढले, तिथे पन्नाशीचा मधुमेही जोर-बैठकांचा विचारही करत नाही. कॅनडातल्या 2007 च्या एका प्रयोगात चालणे-सायकलिंग आणि वजनांचा व्यायाम एकत्र करणाऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी कोणत्याही एकाच प्रकारापेक्षा अधिक उतरली. पुण्यात मिलिंद वाटवे आणि दीनानाथ मंगेशकर रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी ताकद, लवचिकता, तोल, चपळाई असे अनेक पैलू मोजून 2021 मध्ये दाखवले की मधुमेहाशी या क्षमतेचे नाते लठ्ठपणाच्या मापांहून अधिक घट्ट आहे. ही एका वेळची पाहणी आहे, तिच्यातून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. तरीही याज्ञिकांच्या कमी स्नायूंच्या बाळांशेजारी ती ठेवली की दिशा कळते.

शेवटी, या सगळ्या पुराव्यातली जी उणीव मला सतत बोचते ती सांगतो. मोठे प्रयोग बहुतेक गोऱ्या, स्थूल, साठीच्या आसपासच्या लोकांवर झाले. केईएम आणि स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने मिळून पंचेचाळिशीआधी मधुमेह झालेल्या दीड हजारांहून अधिक भारतीयांचे गट पाडले, तेव्हा निम्म्याहून अधिक जण इन्सुलिनच कमी पडणाऱ्या गटात निघाले. हे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर युरोपात असाच गट डोळ्यांच्या बिघाडाला जास्त बळी पडतो. अशा तरुण, सडपातळ माणसाला ‘वजन कमी करा’ सांगून काय मिळणार? त्याला स्नायू कमवायचे आहेत, इन्सुलिन लवकर हवे आहे की नाही ते ठरवायचे आहे, आणि पुढची चाळीस वर्षे डोळे राखायचे आहेत. त्याच्यासाठी ताकदीचा व्यायाम आणि योग्य औषध यांची चाचणी पुण्यातच व्हावी. इथे तीस वर्षांच्या नोंदी असलेली गावे आहेत, मधुमेहावर आयुष्य घातलेले डॉक्टर आहेत, तालमी अजून उघड्या आहेत. मोजायचे तर फक्त साखर मोजू नये. डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र, लघवीतले अल्ब्युमिन, तळपायावर टेकवायच्या नायलॉनच्या तंतूने संवेदना, मुठीची ताकद, ब12, आणि हे सगळे दहा वर्षे. ज्या रुग्णांशी मी या पुस्तकासाठी बोललो त्यांतल्या अनेकांनी अशा अभ्यासात नाव द्यायला आपण तयार असल्याचे सांगितले आहे.